बंदूक नवी घ्यावी की जुनी?

कल्याण किंवा ठाण्याच्या जुन्या वस्तीतील एखादा वाडा पुनर्विकासासाठी रिकामा होऊ लागतो. फडताळे उघडतात, माळे साफ होतात आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर चामड्याच्या खोळीत गुंडाळलेली आजोबांची दुनळी बंदूकही बाहेर येते. थोरले चिरंजीव म्हणतात, 'विलायती माल आहे, आता असा मिळायचा नाही, ठेवून द्यावी.' धाकट्यांचे म्हणणे असे, की जुने लोढणे विकून टाकावे आणि सरकारी कारखान्यातील नवी रायफल घ्यावी. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ दोघांनाही आपला सल्ला देतात. आईला मात्र एकच प्रश्न पडतो, 'अरे, पण ही घरात हवीच कशाला?'

हा प्रसंग प्रातिनिधिक असला, तरी काल्पनिक म्हणून सोडून देण्यासारखा नाही. शिकारीचा काळ संपून अर्धशतक उलटले, पण त्या काळातील बंदुका घराघरांत उरल्या आहेत. नवीन बंदूक घ्यावी की वापरलेली, हा प्रश्न मोटारगाडी किंवा सदनिका घेताना पडतो तसाच वरवर वाटतो. प्रत्यक्षात आपल्या देशात त्याचे गणित निराळे आहे. येथे जुनी वस्तू पुष्कळदा नव्याहून महाग पडते आणि पैसे मोजण्याची तयारी असूनही ती घेता येईलच असे नाही. एखादी बंदूक फुकट वारशाने आलेली असली, तरी ती घरात ठेवणे गुन्हा ठरू शकते. म्हणून या प्रश्नाचा विचार कोणत्या क्रमाने करावा, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

शिकार संपली, बंदूक उरली

एके काळी शिकार हा संस्थानिक, सरकारी अधिकारी आणि सधन शेतकरी यांचा प्रतिष्ठित छंद होता. तत्कालीन मुंबई राज्यात १९५१ च्या वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायद्याने त्यावर नियम घातले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा संमत झाला. त्यानंतरही काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने देण्याची तरतूद कायद्यात होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. आज भारतात हौसेखातर वन्य प्राण्याची शिकार करण्याचा कोणताही कायदेशीर मार्ग नाही. ससा, भेकर, तितर किंवा रानडुक्कर यांचा अपवाद त्याला नाही.

बंदूक आणि निसर्गाभ्यास यांचे नाते मात्र जुने आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या काळातील अनेक सदस्य शिकारी होते. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांची वाटचालही लहानपणी एअरगनने पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू झाली. तिच्या गळ्यावरील पिवळ्या ठिपक्याचे कोडे उलगडण्यासाठी ते सोसायटीच्या कार्यालयात गेले आणि तेथेच रमले. त्या पिढीने हातातील बंदूक खाली ठेवून दुर्बीण उचलली. बंदूक नवी घ्यायची की जुनी, हे ठरवणाऱ्याने आधी हा बदल ध्यानात घ्यावा. 'शिकारीची रायफल' हे आता कारखान्याच्या यादीतील एका प्रकाराचे नाव उरले आहे; तिचा मूळ उपयोग कायद्याने संपला आहे.

मग कायदेशीर उपयोग कोणते उरतात? स्वसंरक्षण, पिकांची राखण आणि नेमबाजीचा खेळ, हे मुख्य तीन. या तिन्हींसाठी लागणारी शस्त्रे एक नाहीत. म्हणूनच 'नवी की जुनी' या प्रश्नाच्या आधी 'कशासाठी' हा प्रश्न येतो.

जुनी बंदूक महाग का?

सर्वसामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करण्याची मुभा १९८० च्या दशकाच्या मध्यापासून राहिलेली नाही. मान्यताप्राप्त नेमबाजांना मिळणारी सवलत हा त्याला अपवाद. परिणामी वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर, हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी अशा ब्रिटिश कंपन्यांच्या किंवा चेकोस्लोव्हाकियाच्या 'ब्रनो' बनावटीच्या ज्या बंदुका त्याआधी देशात आल्या, त्यांवरच बाजार चालतो. माल वाढत नाही, मागणी मात्र टिकून आहे. त्यामुळे पन्नास-साठ वर्षे वापरलेल्या परदेशी रायफलीसाठी नव्या देशी रायफलीच्या अनेक पट किंमत सांगितली जाते.

या किमतीत कारागिरीचा भाग आहे, पण दुर्मीळतेचा भाग त्याहून मोठा आहे. काही वेळा इतिहासाचाही असतो. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये मिळालेली .२७५ बोअरची रिग्बी रायफल आज पुन्हा ती बनवणाऱ्या कंपनीकडे गेली आहे. तिचे मोल लोखंडात आणि लाकडात शोधून सापडणार नाही. आपल्या माळ्यावरील बंदुकीला तसा इतिहास नसतो. तेव्हा 'विलायती' या एका शब्दावर भाळून किंमत ठरवू नये. परदेशी कंपनीचे नाव कोरलेल्या बनावट बंदुकाही बाजारात फिरत असतात, हे लक्षात ठेवावे.

नव्या बंदुकीची बाजू

नवी बंदूक म्हटली, की आपल्याकडे प्रामुख्याने सरकारी आयुध निर्माणींचे नाव पुढे येते. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल फॅक्टरी .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल पूर्वापार बनवत आली आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. ईशापूरचा कारखाना आता कानपूरस्थित 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया' या कंपनीत आहे, तर काडतुसे बनवणारे पुण्याजवळील खडकी आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील कारखाने 'म्युनिशन्स इंडिया' या पुण्यातील कंपनीकडे गेले आहेत. डोंबिवलीकरांच्या रोजच्या लोकल मार्गावर, कल्याणपुढे तिसऱ्या स्थानकावर, अंबरनाथची आयुध निर्माणी आहेच.

.३१५ हाच आकडा का, असे कोणी विचारील. सैन्याच्या आणि पोलिसांच्या काडतुसांशी जुळणारी शस्त्रे 'निषिद्ध बोअर' या वर्गात मोडतात आणि ती सर्वसामान्य नागरिकाला मिळत नाहीत. .३०३ रायफल त्यांतलीच. नागरी वापरासाठी म्हणून .३१५, .३०-०६, .२२ अशी निराळ्या मापाची रायफल किंवा बारा बोअरची छऱ्यांची बंदूक, हे 'अनिषिद्ध' पर्याय राहतात. वारशाने आलेले शस्त्र कोणत्या वर्गात मोडते, हे पाहिल्याखेरीज ते ठेवण्याचा किंवा विकण्याचा बेत करू नये.

नव्या शस्त्राचे फायदे साधे आहेत. त्याचा आगापिछा स्वच्छ असतो. अनुक्रमांक, पावती आणि चाचणीची मुद्रा यांबाबत शंका नसते. पूर्वी कोणी ते कसे वापरले, याची काळजी नसते आणि काडतुसे देशातच तयार होतात. उणीव सांगायची तर लाकूडकाम, चापाचा मऊपणा आणि बारीक जोडकाम यांत जुन्या उत्तम विलायती बंदुकीची सर त्याला येत नाही, असे जाणकार सांगतात. परंतु ज्याला वर्षातून एकदा साफ करून कपाटात ठेवायची आहे, त्याला या उणिवेसाठी अनेक पट पैसे मोजण्याचे कारण नाही.

जुनी पाहताना काय पाहावे?

वापरलेली बंदूक वाईटच असते, असे मुळीच नाही. चांगली राखलेली रायफल दोन-तीन पिढ्या टिकते. मात्र तिची परीक्षा डोळ्यांना सुंदर दिसणाऱ्या नक्षीवरून करू नये. परवानाधारक विक्रेत्याकडील कारागिराला सोबत घेऊन पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट, शस्त्र रिकामे असल्याची खात्री. नळी आणि काडतुसाचे घर उघडून, डोळ्यांनी पाहून आणि बोट घालून ही खात्री प्रत्येकाने स्वतः करावी. 'रिकामीच आहे' हे दुसऱ्याचे वाक्य पुरावा मानू नये.

दुसरी गोष्ट, खुणा. निर्मात्याचे नाव आणि अनुक्रमांक स्पष्ट हवेत आणि ते परवान्यावरील नोंदीशी अक्षरशः जुळायला हवेत. शस्त्र अधिनियमाच्या आठव्या कलमानुसार हे आकडे खोडणे, बदलणे किंवा घासून टाकणे गुन्हा आहे. असे शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ते कृत्य केले, असे कायदा उलट सिद्ध होईपर्यंत धरून चालतो. म्हणजे दुसऱ्याच्या पापाचा खुलासा आपल्याला करावा लागतो.

तिसरी गोष्ट, नळी. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. गोळीला फिरकी त्यांच्यामुळे मिळते. या खाचांच्या कडा तीक्ष्ण दिसायला हव्यात. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे नळीत क्षार उरत. साफसफाई टाळली, की ते दमट हवेत गंज धरत आणि बारीक खड्डे पडत. ठाणे-कल्याणच्या खाडीकाठच्या हवेत चार महिन्यांचा पावसाळा काढलेल्या बंदुकीत हा दोष हटकून पाहावा. चामड्याच्या खोळीत वर्षानुवर्षे ठेवलेली बंदूक अधिक गंजते, कारण चामडे ओलावा धरून ठेवते.

चौथी गोष्ट, जोड. बोल्ट रायफलीत बोल्टवरील क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळतो का, हे पाहावे. बोल्टचे तोंड आणि काडतुसाची बूड यांमधील अंतर कारागिराने मापकाने तपासावे. ते वाढलेले असेल, तर काडतूस फुटून गरम वायू मागे, चेहऱ्याकडे येऊ शकतो. दुनळी बंदुकीत नळ्या बंद केल्यावर सांधा हलतो का आणि उजेडात धरल्यावर फट दिसते का, हे पाहावे.

पाचवी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत धोक्याची, ती म्हणजे चाचणीच्या मुद्रा. बर्मिंगहॅम किंवा लंडन येथील चाचणीगृहाचे शिक्के नळीच्या खालच्या बाजूला असतात. एकोणिसाव्या शतकातील अनेक बंदुका काळ्या दारूसाठी बनवल्या गेल्या. आजची काडतुसे धूरविरहित दारूची असतात. ज्या बंदुकीवर या दारूसाठी चाचणी झाल्याची मुद्रा नाही, तिच्यात आजचे काडतूस घालणे हा जिवाशी खेळ आहे. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून केलेल्या, पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसणाऱ्या 'दमास्कस' नळ्यांबाबत तर विशेष सावध राहावे. त्या शोभेला ठेवाव्यात, डागू नयेत.

काडतुसाच्या घराची लांबीही पाहावी. जुन्या बारा बोअर बंदुकांत ती बहुधा ६५ मिलिमीटर असते. ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात सहज शिरते आणि तेथेच माणूस फसतो. खोक्यावर छापलेली लांबी ही बार उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. घर आखूड असेल, तर ते तोंड नळीत उघडते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. बंदूक जुनी असण्यापेक्षा ती आणि काडतूस यांचा मेळ नसणे अधिक घातक.

परवाना आधी, पसंती नंतर

वस्तू पसंत करून मग कागदपत्रे करावीत, ही आपली सवय येथे उलटी करावी लागते. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार आधी परवाना आणि मग खरेदी. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो. तेथे परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा आहे. मुरबाड, शहापूर अशा ग्रामीण भागात तो जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. अर्जदाराचे वय किमान २१ हवे. स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो आणि सबळ कारण द्यावे लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आणि ते घरी सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था यांवर भर दिला आहे.

१४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दोन मोठे बदल केले. एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीन बंदुका ठेवता येत, ती मर्यादा दोनवर आली; वारशाने आलेली शस्त्रेही या मोजणीत धरली जातात. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. याच दुरुस्तीने लग्न, हळद, मिरवणूक अशा समारंभात बेफिकिरीने गोळीबार करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वापरलेली बंदूक एका नागरिकाने दुसऱ्याला विकायची, तर केवळ दोघांचे एकमत पुरत नाही. विकणाऱ्याने विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. घेणाऱ्याच्या परवान्यावर त्याच प्रकारच्या शस्त्राची मुभा हवी. 'आधी घेऊन जा, कागद नंतर करू' असे कोणी म्हणाला, तर तेथून उठावे. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा आता किमान दोन आणि कमाल पाच वर्षांचा कारावास अशी आहे.

ठाणेकरांसाठी दहा किलोमीटर

ठाणेकरांना सहसा ठाऊक नसलेली एक तरतूद वन्यजीव कायद्यात आहे. अभयारण्याच्या सीमेपासून दहा किलोमीटरच्या परिघात नवा शस्त्र परवाना द्यायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. परिघातील जुन्या परवानाधारकांनाही वन विभागाकडे नाव नोंदवावे लागते. हे ३४ वे कलम राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणावा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान येऊरच्या डोंगरावरून थेट घोडबंदर रस्त्याला येऊन भिडते. दुसऱ्या बाजूला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले. उत्तरेकडे तुंगारेश्वर आणि शहापुरात तानसा ही अभयारण्ये आहेत. म्हणजे ठाणे शहरातील बहुतेक गृहसंकुले या परिघात येतात. डोंबिवली-कल्याणकरांनी आपल्या पत्त्याचे अंतर मोजून पाहावे. शिवाय लेखी परवानगीवाचून कोणतेही शस्त्र घेऊन अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिरता येत नाही. येऊरला फिरायला जाताना गाडीत बंदूक ठेवणे, परवाना असला तरी, महागात पडू शकते.

वारशाची बंदूक

पुन्हा माळ्यावरील दुनळीकडे वळू. परवाना व्यक्तीच्या नावाने असतो, घराच्या नावाने नव्हे. परवानाधारक वारला, की ती बंदूक वारसांच्या ताब्यात राहणे आपोआप कायदेशीर होत नाही. अशा वेळी ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पोच घ्यावी. वारसांपैकी एकाने परवान्यासाठी अर्ज करावा आणि इतरांची लेखी संमती जोडावी. मुलगी, पत्नी किंवा सूनही अर्ज करू शकते. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाचे वय ७० झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर तो हयातीतच आपल्या कायदेशीर वारसाच्या नावे परवान्याची मागणी करू शकतो. ज्या घरात वडीलधाऱ्यांच्या नावे बंदूक आहे, तेथे हे काम त्यांच्या समक्षच उरकून घेणे शहाणपणाचे.

कोणालाच ती नको असेल, तर जमा केलेले शस्त्र परवानाधारकाला विकता येते. ती कायमची निकामी करून आठवण म्हणून जपायची असेल, तर तेही विहित पद्धतीने, रीतसर परवानगी घेऊनच करावे. स्वतः हातोडा मारून किंवा विहिरीत टाकून प्रश्न सुटत नाही; परवान्यावर नोंद असलेल्या शस्त्राचा हिशेब कधी ना कधी मागितला जातोच.

शेतकऱ्याची राखण, नेमबाजाचा सराव

मुरबाड-शहापूर पट्ट्यातील शेतकऱ्याची गरज खरी आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भात आणि भुईमूग आडवा करतो. शस्त्र अधिनियमात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. परंतु हा परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे. पिकाची हानी करणाऱ्या प्राण्याला मारायचे, तर वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमाखाली अधिकृत वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती नसेल, तर बार हवेत काढावा आणि नुकसानभरपाईसाठी वन विभागाकडे अर्ज करावा. येथे जुन्या महागड्या रायफलीचे काहीच काम नाही. स्वस्त, साधी आणि कागदपत्रे चोख असलेली बंदूक पुरते.

नेमबाजीची गोष्ट वेगळी. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याच्या आधी अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांनी महाराष्ट्राचे नाव या खेळात गाजवले. साहजिकच अनेक घरांतून 'मुलाला रायफल घेऊन द्यायची आहे' असे ऐकू येते. अशा पालकांना दिलासा देणारी बाब म्हणजे १० मीटर प्रकारासाठी लागणाऱ्या .१७७ बोअरच्या, २० ज्यूलच्या आतील ऊर्जेच्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही.

या खेळात वापरलेली रायफल घेणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. एअर रायफलीची नळी फारशी झिजत नाही, .२२ मध्येही मऊ शिशाची, कमी वेगाची गोळी असल्याने झीज सावकाश होते आणि वरच्या पातळीवर गेलेले खेळाडू आपली साधने विकत असतात. एक गोष्ट मात्र पाहावीच. एअर रायफलीला जोडलेल्या हवेच्या नळकांड्यावर निर्मितीची तारीख कोरलेली असते आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ते कमाल दहा वर्षेच वापरता येते. नळकांडे जुने असेल, तर त्याची किंमत वजा करूनच सौदा करावा. त्याहूनही उत्तम म्हणजे पहिले सहा महिने क्लबच्या रायफलीवर सराव करावा. दस्त्याची लांबी, वजन आणि मुलाची आवड, तिन्हींचा अंदाज तेवढ्या काळात येतो.

निर्णयाचा क्रम

सारांश असा. आधी उपयोग ठरवावा. मग परवाना मिळण्यासारखा आहे का, हे पाहावे. त्यानंतर काडतूस सहज मिळते का, शस्त्राचे कागद चोख आहेत का आणि कारागीर त्याला निर्धोक म्हणतो का, हे तपासावे. हे सारे जमले, की नवी आणि जुनी यांत निवड करणे सोपे होते. राखणीसाठी नवी व साधी. खेळासाठी तपासून घेतलेली वापरलेली. आणि केवळ मिरवण्यासाठी कोणतीच नको.

वाड्यातून बाहेर पडून डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत जाणाऱ्या कुटुंबात लहान मुले असतात, पाहुण्यांची ये-जा असते आणि भिंती पातळ असतात. कुलूपबंद पोलादी कपाट, वेगळी ठेवलेली काडतुसे, पाच वर्षांनी नूतनीकरण, निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस, हे सर्व ओझे बंदुकीबरोबर घरात येते. ते वाहण्याची तयारी असेल, तर जरूर विचार करावा. मात्र दोन्ही चिरंजीवांनी नवी-जुनीचा वाद घालण्याआधी आईच्या प्रश्नाला उत्तर द्यावे. ते देता आले नाही, तर पोलीस ठाण्याची पोच हाती घेऊन मोकळे होणे, हाच सर्वांत चांगला सौदा.